संकेतस्थळाचा पेहराव आणि त्यांतील चोरवाटा

आषाढ लागला म्हणजे आंबोलीचा घाट जागा होतो. समुद्रसपाटीपासून सुमारें सातशें मीटर उंचीवर वसलेल्या या लहानशा गांवीं वर्षाकाठीं सातशें सेंटिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तो पाहावयास सावंतवाडी, बेळगांव, कोल्हापूर व गोवें अशा चहूंकडून माणसें येतात. कोणी धबधब्याखालीं भिजावयास येतो, कोणी हिरण्यकेशीच्या उगमीं दर्शनास जातो, तर कोणी बेडूक, सर्प व मासे यांच्या अभ्यासासाठीं कॅमेरा घेऊन रात्रभर रानांत हिंडतो. २०२० सालीं हिरण्यकेशीच्या पाण्यांतील एका नव्या माशाचें ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असें नामकरण झालें व २०२१ मध्यें महाराष्ट्र शासनानें तें स्थान जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केलें. त्यामुळें अभ्यासकांच्या नकाशावरही या गांवाचें नांव आलें आहे.

अशा पाहुण्यांस दोन-चार खोल्या, कढत पाणी आणि घरचें जेवण देणें हा येथील कित्येक कुटुंबांचा पोटापाण्याचा धंदा झाला आहे. पूर्वीं पाहुणा कोणाची तरी ओळख सांगत येई. आतां तो आधीं संकेतस्थळ उघडतो, छायाचित्रें न्याहाळतो आणि मग फोन करतो. म्हणजे घराच्या ओसरीइतकेंच महत्त्व या अदृश्य ओसरीस आलें आहे. खऱ्या ओसरीवर परका माणूस पथारी टाकून बसला तर घरधनी त्यास तत्काळ उठवील. परंतु या दुसऱ्या ओसरीवर कोण येऊन बसला आहे, हें कित्येकांस महिनोन्‌महिने कळत नाहीं.

आंबोलीहून एका भगिनीचें आम्हांस अशाच आशयाचें पत्र आलें आहे. त्यांच्या घराचें संकेतस्थळ सहा वर्षांपूर्वीं पुतण्यानें करून दिलें. तो आतां परदेशीं नोकरीस आहे. ऐन हंगामांत एका जुन्या पाहुण्यानें कळविलें कीं, गूगलवर तुमच्या घराचें नांव शोधून त्यावर बोट दाबलें असतां परदेशी औषधांचें दुकान उघडतें. बाईंनीं स्वतः पत्ता टाइप करून पाहिला, तों सर्व ठीक! पाहुण्याचीच कांहीं गफलत झाली असावी, असें समजून त्या स्वस्थ राहिल्या. पुढें आणखी तिघांनीं तेंच सांगितलें आणि आरक्षणें थांबलीं. त्या विचारतात : हें कोणीं केलें? यांत आमचा अपराध कोणता? आणि हें स्थळ मिटवून मोठ्या आरक्षण-कंपनीच्या आश्रयास जावें काय? हे प्रश्न केवळ एका घरचे नव्हेत, म्हणून त्यांचें उत्तर आम्ही येथें जाहीरपणें देत आहों.

प्रथम तें कोडें सोडवूं. घुसखोर हा मालकापेक्षां हुशार असतो. आलेला माणूस गूगलच्या वाटेनें आला कीं थेट पत्ता टाइप करून आला, हें संगणकास कळतें. मालक बहुधा थेट येतो, गिऱ्हाईक शोधाच्या वाटेनें. म्हणून पहिल्यास घर दाखवावयाचें व दुसऱ्यास औषधांचें दुकान, अशी व्यवस्था घुसखोर करून ठेवतो. आपल्या घरच्या नांवलौकिकावर परका मनुष्य आपला माल खपवितो, आणि तो उद्योग मालकाच्या दृष्टीआड चालतो. घरांत शिरण्याच्या वाटा अर्थात् अनेक आहेत. सोपा परवलीचा शब्द ही एक. जुनीं जोडयंत्रें, ज्यांस प्लगिन म्हणतात, ही दुसरी. परंतु ज्या वाटेकडे घरगुती मालकाचें लक्ष सर्वांत कमी जातें, ती वाट संकेतस्थळाच्या पेहरावांतून जाते. तिचाच आज विचार करूं.

जगांतील दर दहा संकेतस्थळांपैकीं सुमारें चार ‘वर्डप्रेस’ नांवाच्या सामग्रीवर उभीं आहेत. ही सामग्री २००३ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली, ती फुकट मिळते व कोणासही वापरतां येते. तिच्यावर जो पेहराव चढवितात त्यास ‘थीम’ म्हणतात : रंग कोणता, चित्रें कशीं सरकावीं, मजकूर कोठें यावा, हें सर्व थीम ठरविते. सामान्य माणसाची समजूत अशी कीं, थीम म्हणजे भिंतीस दिलेला रंग. तो जुना झाला तर फार तर विटेल. ही समजूतच घातक आहे. थीम हा रंग नव्हे. तो आज्ञांचा ग्रंथ आहे, आणि घराचा नोकर त्यांतील प्रत्येक आज्ञा निमूटपणें पाळतो.

हें कसें तें पाहूं. संकेतस्थळाचें पान छापील पानाप्रमाणें तयार पडलेलें नसतें. पाहणारा दार ठोठावतो त्या क्षणीं तें तुकड्यातुकड्यांनीं जुळविलें जातें : मथळा एका फाइलींतून, मजकूर दुसरींतून, तळची पट्टी तिसरींतून. वर्डप्रेस ज्या भाषेंत लिहिलें आहे ती ‘पीएचपी’ ही भाषा रासमुस लेरडॉर्फ यांनीं १९९५ मध्यें प्रसिद्ध केली. तींत ‘इन्क्लूड’ अशी एक आज्ञा आहे. ‘अमुक फाइल येथें आणून जोड आणि तींत कांहीं आज्ञा असतील तर त्याही पाळ’, असा तिचा अर्थ. ही आज्ञा स्वतः निरुपद्रवी आहे; तिच्यावांचून एकही पान उभें राहणार नाहीं. अनर्थ होतो तो, कोणती फाइल आणावयाची हें ठरविण्याचा अधिकार थीमचा कर्ता नकळत पाहुण्याच्या हातीं देतो तेव्हां.

घरगुती दृष्टान्त घेऊं. समजा, घरधन्यानें नोकराच्या पोरास सांगून ठेविलें कीं, पाहुणा चिठीवर जें लिहील तें फडताळांतून आणून द्यावें. धन्याच्या मनांत पंचा, तांब्या, चादर एवढेंच होतें. शंभर पाहुण्यांनीं पंचाच मागितला. एकशें एकाव्यानें लिहिलें, ‘फडताळाच्या मागल्या दारानें माजघरांत जा, तेथून देवघरांत जा, आणि खालच्या पेटींतील किल्ल्यांचा जुडगा आण.’ पोर प्रामाणिक व आज्ञाधारक. त्यानें जुडगा आणून दिला. यांत पोराचा दोष काय? त्यास ‘मागेल तें’ असें सांगितलें होतें. ‘या चारांपैकीं मागेल तें’ असें सांगितलें नव्हतें.

संगणकाच्या लिपींत दोन टिंबें व एक तिरपी रेघ यांचा अर्थ ‘एक पायरी वर जा’ असा होतो. पानाच्या पत्त्यांत जेथें ‘खोल्या’ किंवा ‘जेवण’ असें नांव यावयाचें, तेथें घुसखोर हीच खूण चार-सहा वेळां लिहितो, थीमच्या कप्प्यांतून पायरीपायरीनें वर चढतो, आणि शेवटीं हव्या त्या फाइलीचें नांव घालतो. ती फाइल बहुधा ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ ही असते. कारण स्थळाच्या माहितीसाठ्याचें नांव, त्याचा परवलीचा शब्द व गुप्त खुणा तींतच असतात. दृष्टान्तांतील किल्ल्यांचा जुडगा तो हाच. या दोषास जाणते लोक ‘लोकल फाइल इन्क्लूजन’ म्हणतात. कित्येकदां घुसखोर याहून पुढें जातो. प्रतिक्रियेबरोबर चित्र चढविण्याची सोय असेल तर चित्राच्या मिषानें तो आज्ञांनीं भरलेली फाइल आधीं घरांत ठेवतो, आणि मग तीच जोडावयास सांगतो. तेथून पुढें घर त्याचें.

दुसरा प्रकार याहून धीट आहे. त्यांत चिठीवर लिहिलेलें असतें, ‘फाटकाबाहेर माझा माणूस उभा आहे, त्यास आंत घेऊन स्वयंपाकघरांत कामास लाव.’ म्हणजे परक्या संगणकावरील फाइल आपल्या पानांत जोडली जाते. यास ‘रिमोट फाइल इन्क्लूजन’ असें नांव आहे. पीएचपीच्या कर्त्यांनीं २००६ सालच्या ५.२ या आवृत्तीपासून बाहेरची फाइल अशी जोडण्याची मुभा मुळांतच बंद ठेविली आहे. मालकानें हेतुपुरस्सर उघडल्याशिवाय ती उघडत नाहीं. तरी त्यानंतर पांच वर्षांनीं याच जातीच्या एका प्रकारानें जगभर हाहाकार उडविला, तो प्रकार मनोरंजक तितकाच बोधप्रद आहे.

‘टिमथंब’ नांवाची एक लहानशी फाइल त्या काळीं शेंकडों थीमांत घातलेली असे. तिचें काम मोठ्या चित्राचें लहान चित्र करणें. बाहेरच्या स्थळावरील चित्रही तिला आणतां येई, परंतु फ्लिकर, पिकासा, ब्लॉगर अशा कांहीं ठराविक स्थळांवरूनच. म्हणजे यादी होती, पहारेकरी होता. तथापि पहारेकऱ्याची पद्धत चुकली होती. पत्त्यांत ‘ब्लॉगर.कॉम’ ही अक्षरें कोठेंतरी आहेत काय, एवढेंच तो पाही. आपल्याकडे ज्याप्रमाणें आडनांव शेवटीं येतें व त्यावरून घराणें ओळखतात, त्याप्रमाणें संकेतस्थळाच्या नांवांतही धनी कोण हें शेवटच्या भागावरून ठरतें. ‘ब्लॉगर.कॉम.अमुकतमुक.कॉम’ हें नांव ब्लॉगरचें नव्हे, अमुकतमुकाचें. मधल्या नांवावरून घराणें ठरविणाऱ्या कारकुनासारखा तो पहारेकरी होता. चित्राऐवजीं आज्ञांची फाइल त्याच्यासमोरून आंत जाऊन साठ्यांत पडे, आणि मग घुसखोर तिला बाहेरून हांक मारी. १ ऑगस्ट २०११ रोजीं मार्क माँडर या गृहस्थांनीं हा दोष उजेडांत आणिला. तोही स्वतःच्याच स्थळावर आपण न घातलेल्या जाहिराती दिसूं लागल्या म्हणून. त्यांनीं नुसती ओरड केली नाहीं. मूळ कर्त्यास साह्य करून त्याच महिन्यांत टिमथंबची नवी आवृत्ति सिद्ध केली.

तीन वर्षांनीं ‘स्लायडर रिव्होल्यूशन’ या चित्रें सरकविणाऱ्या जोडयंत्राची पाळी आली. त्यांतील चित्र दाखविण्याच्या सोयीकडे चित्राच्या नांवाऐवजीं ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’चा मार्ग दिला, तर ती सोय निमूटपणें ती फाइल हातीं देई. कर्त्यांनीं फेब्रुवारी २०१४ मध्येंच दोष दुरुस्त केला होता. परंतु तो गाजला सप्टेंबरांत, आणि डिसेंबरांत ‘सोकसोक’ नांवाच्या हल्ल्यांत गूगलनें अकरा हजारांहून अधिक स्थळें धोक्याच्या यादींत टाकिलीं. औषध तयार असून रोगी दगावले, तें कां? कारण हें जोडयंत्र पुष्कळांनीं स्वतंत्रपणें विकत घेतलेंच नव्हतें. तें त्यांच्या थीमच्या पोटांत आलें होतें. ज्यानें जोडयंत्र घेतलें त्यास ‘नवी आवृत्ति आली’ अशी सूचना मिळाली. ज्यानें थीम घेतली त्यास मिळाली नाहीं. आपल्या घरांत तें आहे, हेंच त्यास ठाऊक नव्हतें. २०१६ च्या एप्रिलांत पनामा येथील मोसॅक फोन्सेका या कायदेपेढीचीं सुमारें एक कोटी पंधरा लक्ष कागदपत्रें जगजाहीर झालीं, तेव्हां त्या पेढीच्या संकेतस्थळावर याच जोडयंत्राची फार जुनी आवृत्ति चालू असल्याचें आढळलें. कागद त्याच वाटेनें गेले असावेत, असा कांहीं जाणत्यांचा तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाहीं. परंतु जगांतील श्रीमंतांचीं गुपितें सांभाळणाऱ्या पेढीनेंही पेहराव वर्षानुवर्षें बदलला नव्हता, एवढें सिद्ध आहे. थीमांतील या जातीचे दोष अद्यापि नव्यानें उजेडांत येत असतात. तेव्हां ही जुनी बखर म्हणून कोणीं सोडून देऊं नये.

आतां पत्रांतील प्रश्नांकडे वळूं. हें कोणीं केलें? बहुधा कोणा शेजाऱ्यानें वा प्रतिस्पर्ध्यानें नव्हे. आमच्या चार खोल्यांच्या घराशीं कोणाचें वैर, असें पुष्कळजण म्हणतात. परंतु येथें वैराचें कारण नाहीं. घुसखोरांचीं यंत्रें रात्रंदिवस लक्षावधि पत्त्यांवर एकच प्रश्न विचारीत फिरतात : येथें अमुक नांवाची जुनी फाइल आहे काय? ‘आहे’ असें उत्तर आलें कीं काम सुरू. वाऱ्यानें कौल उडतें तें घरमालकाचें नांव पाहून उडत नाहीं. सैल असतें तें उडतें.

अपराध कोणाचा, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. कायद्याच्या दृष्टीनें अपराधी घुसखोरच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्या ४३ व्या व ६६ व्या कलमांन्वयें परक्याच्या संगणकांत विनापरवानगी व अप्रामाणिकपणें शिरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. नीतीच्या दृष्टीनें थीम विकून पोटांतील जुन्या भागांची वार्ताही न देणारा विक्रेता जबाबदारींतून सुटत नाहीं. स्थळ उभारून देऊन त्याच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हें न सांगतां निघून जाणारा, मग तो घरचा पुतण्या असो कीं बाजारचा कारागीर, तोही सुटत नाहीं. परंतु पाहुण्यानें विश्वासानें दिलेली माहिती त्याच स्थळावर ठेवलेली असेल, तर मालकाचीही जबाबदारी सुरू होते. उतरणाऱ्यांकडून आधारपत्राची प्रत आधींच मागवून घेण्याची चाल पडली आहे, आणि कित्येक ठिकाणीं ती प्रत संकेतस्थळाच्या अर्जांतूनच येते व तेथेंच राहते. औषधांची जाहिरात ही लाजिरवाणी गोष्ट खरी. पण शेंकडों कुटुंबांचीं ओळखपत्रें चोराच्या हातीं पडणें हें खरें संकट आहे. जाहिरात पुसतां येते. गेलेली प्रत परत आणतां येत नाहीं. म्हणून आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, अशी प्रत स्थळावर मुळींच घेऊं नये. ओळखपत्र पाहुणा आल्यावर पाहावें, आणि प्रत हवीच असेल तर ज्यावर शेवटचे चारच आंकडे दिसतात असें झांकलेलें आधार, म्हणजे ‘मास्क्ड आधार’, घ्यावें.

स्थळ मिटवावें काय? आमचें मत स्पष्टपणें ‘नाहीं’ असें आहे. मोठ्या आरक्षण-कंपनीच्या यादींत नांव असण्यास आमचा विरोध नाहीं. परंतु केवळ तिच्याच दारांत उभें राहणें म्हणजे प्रत्येक पाहुण्यामागें तिचा वांटा देणें, आणि तिनें नांव खालीं ढकललें तर मुकाट्यानें सोसणें. स्वतःचें संकेतस्थळ ही स्वतःच्या नांवाची पाटी आहे. चोर आला म्हणून घराची पाटी काढून कोणी शेजाऱ्याच्या ओसरीवर राहावयास जात नाहीं, कुलूप बदलतो.

तें कुलूप कसें बदलावें, हें आतां सांगतों. नुसती दिसणारी जाहिरात पुसून काम भागत नाहीं. आंत शिरलेला मनुष्य जातांना मागलें दार उघडें ठेवून जातो. तेव्हां जाणत्या माणसाकडून स्थळ संपूर्ण उतरवून, वर्डप्रेस व थीम यांच्या ताज्या प्रती मूळ कर्त्याकडून आणवून नव्यानें बसवावें. घुसखोरी होण्यापूर्वीची राखीव प्रत असेल तर हें काम एका दिवसाचें; नसेल तर कष्टाचें. माहितीसाठ्याचा परवलीचा शब्द, गुप्त खुणा आणि व्यवस्थापकांचे सर्व शब्द त्याच दिवशीं बदलावे. जुडगा एकदां बाहेर गेला म्हणजे जुन्या कुलपांस अर्थ उरत नाहीं. पुतण्या दूर असला तरी स्थळाचें नांव कोणाच्या खात्यावर नोंदलें आहे व जागेचें भाडें कोण भरतो, हीं दोन उत्तरें त्याच्याकडून लिहून घ्यावीं व तीं घरच्या वहींत असावीं.

पुढें काय जपावें? थीम व जोडयंत्रें यांची नवी आवृत्ति आली कीं तत्काळ घ्यावी. ज्या थीमच्या कर्त्यानें वर्ष-दोन वर्षांत कांहींच सुधारणा केली नाहीं, ती कितीही सुंदर असली तरी सोडावी. वापरांत नसलेल्या थीमा नुसत्या बंद ठेवूं नयेत, काढूनच टाकाव्या. कारण बंद थीमच्याही फाइली संगणकावर असतातच, आणि घुसखोर त्यांस थेट हांक मारूं शकतो. विकत मिळणारी थीम फुकट देणाऱ्यांच्या वाऱ्यासही उभें राहूं नये. काटकसर हा सद्गुण खरा, पण चोरानें शिवून दिलेल्या अंगरख्याच्या खिशांत चोराचाच हात असावयाचा. राखीव प्रत हंगामांत आठवड्यास एकदां घ्यावी, व ती त्याच संगणकावर न ठेवतां घरीं वेगळी ठेवावी. आणि महिन्यांतून एकदां परक्याच्या फोनवर आपलें नांव गूगलच्या वाटेनें शोधून पाहावें. थेट पत्ता टाइप करून नव्हे.

थीम करणारे तरुण आमचे वाचक असतील, तर त्यांस एकच सांगणें : पाहुण्यानें लिहिलेलें नांव हें कधींही फाइलीचें नांव समजूं नये. ‘खोल्या’, ‘जेवण’, ‘वाट’, ‘संपर्क’ अशी चार नांवांची यादी आधीं करावी. आलेलें नांव यादींत तंतोतंत असेल तरच तिच्यासमोर तुम्हीं स्वतः लिहून ठेवलेली फाइल जोडावी. नसेल तर नम्रपणें नकार द्यावा. वाईट नांवांची यादी करून तीं गाळीत बसूं नये, कारण वाईटाची यादी कधीं पुरी होत नाहीं.

घुसखोरीमुळें पैशाची फसवणूक झाली असेल, पाहुण्यानें आगाऊ रक्कम चोराच्या खात्यांत भरली असेल, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावें. पहिल्या कांहीं तासांत रक्कम अडविली जाण्याचा संभव अधिक असतो. इतर तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यांत नोंदवितां येते. केंद्र सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून याच कामीं आहे. तिनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या आदेशान्वयें सेवा देणाऱ्या कंपन्यांनीं अशी घटना लक्षांत आल्यापासून सहा तासांच्या आंत कळविणें व संगणकाच्या नोंदी १८० दिवस राखणें आवश्यक आहे. म्हणून ज्यांच्याकडे आपलें स्थळ भाड्यानें ठेविलें आहे त्यांच्याकडे त्या नोंदी मागण्यास संकोच करूं नये. आणि ज्या पाहुण्यांची माहिती गेली असण्याचा संभव आहे त्यांस स्वतः फोन करून सांगावें. हें अवघड आहे, पण दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षां घरच्या माणसाच्या तोंडून कळलेलें बरें. विश्वास टिकतो तो यानेंच.

घर एकदां बांधून झालें म्हणजे तें पुनः शाकारावें लागत नाहीं, असें कोंकणांत कोणी म्हणत नाहीं. वैशाख सरतां सरतां घरोघर कौलें उतरतात, फुटकीं निवडलीं जातात, वांसे चाचपले जातात. त्या चार दिवसांत एक दिवस या दुसऱ्या घराच्या शाकारणीस द्यावा, आणि मधल्या महिन्यांत गळतें कोठें तें पाहत राहावें, एवढीच आमची सूचना. आंबोलीचा पाऊस कोणास चुकत नाहीं. गळकें घर मात्र चुकवितां येतें.